आठपैकी आठ

४ डिसेंबर

टिकले,

आधी कामाचं. तू पुढचं वाचत नाहीस असा मला दाट संशय आहे, म्हणून तुझ्या उपयोगाचं सगळं वरच लिहून टाकतो.

तुझ्या डोंगरावर मंगळवारी फार उंचावरचे पातळ ढग येतील. खालून आभाळ निळंच दिसेल, बसमधून उतरणारे पाहुणे म्हणतील चला, मोकळं आहे. पण दुर्बिणीतून सगळं पाणी घातलेल्या दुधातून बघितल्यासारखं दिसणार. मंगळवारी तुझं आकाशदर्शन केंद्र बंद ठेव. गुरुवारी हवा कोरडी आहे, पण वरचा वारा सुसाट आहे, त्यामुळे चांदण्या लुकलुकतील. माणसं ‘अय्या, किती छान’ करतील आणि तू कपाळाला हात लावून बसशील. शुक्रवारी येणारे-जाणारे ढग, आठपैकी चार. बाष्प बेताचं आहे, भिंगावर दव धरणार नाही.

आता तू काय करशील ते मला इथे बसून दिसतंय. चारातून दोन वजा करशील आणि शुक्रवार उघडा ठेवशील. लहानपणापासून तुझं हेच. ‘बाबा चार म्हणाले ना, मग दोन.’ अगं, माझी उभी हयात विमानतळाच्या हवामान कचेरीत गेली. तिथे वाईट सांगितलं आणि चांगलं निघालं तर कुणी भांडायला येत नाही. चांगलं सांगितलं आणि वाईट निघालं तर चौकशी लागते. मग माणूस हात राखूनच बोलणार. त्यातून तुझं आणि माझं आभाळ पहिल्यापासून उलटं. निरभ्र आणि शांत रात्र म्हटली की तू टाळ्या वाजवायचीस आणि मला पहाटेच्या धुक्याची धडकी भरायची.

खालच्या टेलरकाकू परवा विचारत होत्या, आभाळाचे आठच भाग का करता? मी म्हटलं, आधी अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं, मग त्याचंही अर्धं, नुसत्या डोळ्याला एवढंच जमतं. ढगांनी किती भाग झाकले ते मोजायचं. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे सगळं झाकलेलं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आठ कळ्यांचा झगा!’ बाईंचं सगळं कापडात. तू गेल्यानंतर, यंदाच तळमजल्यावर राहायला आल्या. दिवसभर मशीन चालवतात आणि मशीनपेक्षा जास्त तोंड.

आता माझं. १७ जानेवारीला संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, चंद्रकोर शनीला झाकणार आहे. आपल्या गच्चीवरून दिसेल, शहराच्या उजेडाने त्यात काही बिघडत नाही. लोकांच्या पाठीस शनी लागतो, आपण दोघं उलटे त्याच्या पाठीस लागायचो, आठवतं? दुर्बीण गच्चीवरच्या खोलीत आहे. तिला जुनी चादर पांघरून ठेवली आहे.

जाताना दारात उभी राहून तू म्हणाली होतीस, ‘या घरात कायम ढगाळ असतं, बाबा. आभाळ मोकळं होईल तेव्हा बोलवा.’ चार वर्षं झाली त्याला. मी आजवर बोलावलं नाही. आता बोलावतो. ये. तुला बघावंसं फार वाटतं.

अक्षर मोठं आलं असेल तर तो कॉम्प्युटरचा दोष. कुठे काय दाबलं गेलं कोण जाणे, परत लहान व्हायला तयार नाही.

बाबा


१२ डिसेंबर

टिकले,

तुझं उत्तर पोचलं. दोन वाक्यं! चार वर्षांत माझ्या अंदाजांवर ‘बरोबर’ आणि ‘चूक’ यापलीकडे तुझी मजल गेली नव्हती, त्या मानाने ही कादंबरीच म्हणायची. मी ती दोनदा वाचून घेतली.

‘आभाळाची खात्री असेल तर येते. दहा दिवस आधी सांगा, माझ्या जागी माणूस बघावा लागतो.’

खात्री म्हणे! हे कोण लिहितंय, तर जी पोरगी रोज संध्याकाळी लोकांना आभाळ दाखवते ती. तुला सांगायला का हवं? चार-पाच दिवसांपर्यंत हवा शहाण्यासारखी वागते. त्यापुढे ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हे वाक्य लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं, कारण दुसरं एक उदाहरण माझ्या घरातच आहे.

तरी बघतो. दहा दिवस आधी आकडे जे म्हणतील ते तुला कळवतो. समुद्राकडून बाष्प किती येतंय, वरचा वारा कुठे वळतोय, धूळ किती, हे सगळं रोज लावून बसलो आहे. तुला सांगतो, निवृत्त झाल्यापासून सकाळी उठायला एवढा हुरूप आला नव्हता.

आकडे हल्ली टेलरकाकू वाचतात आणि मी ऐकतो. भलतंसलतं मनात आणू नको, कचेरीतही एक जण वाचायचा आणि दुसरा लिहायचा, चूक होत नाही. बाई मधेच ‘पंचावन्न टक्के ओलावा, मग माझे कपडे वाळतील का?’ असं विचारतात आणि मला सगळं पहिल्यापासून धरावं लागतं. ढगांची चित्रं मात्र मी स्वतः बघतो. त्याला मुरलेली नजर लागते, ते काम शिवणाचं नाही.

परवा गंमत झाली. भाजी आणायला गेलो तर एका पायात तपकिरी चप्पल आणि दुसऱ्यात काळी. भर रस्त्यात टेलरकाकू खो-खो हसायला लागल्या. मी म्हटलं, घरी असाच आणखी एक जोड आहे. लोकांनाही हसायला काहीतरी हवं ना.

काल संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसलो होतो. तू पहिलीत की दुसरीत असशील, तुला आभाळातला तो ताऱ्यांचा धुरकट पुंजका काही केल्या दिसेना. आईने सांगून झालं, माझं बोट दाखवून झालं, तू रडकुंडीला आलीस. मग मी म्हटलं, त्याच्याकडे थेट बघू नको. जरा बाजूला बघ, म्हणजे तो आपणहून दिसेल. फिकट गोष्टी अशाच बघायच्या असतात, डोळ्याच्या कडेला त्या जास्त कळतात. तू बाजूला बघितलंस आणि किंचाळलीस, ‘बाबा, तो लाजतो!’ तुझी आई त्यानंतर घरात कुणीही रुसलं की म्हणायची, थेट बघू नका, लाजतंय ते.

आई जाऊन सहा वर्षं होतील. तू असतीस तर तिच्या आठवणी दोघांत वाटून घेतल्या असत्या. एकट्याला जरा जड जातात.

या आठवड्यात तुझ्याकडे बुधवार आणि गुरुवार चांगले. ढग तीन. कर वजा दोन.

बाबा


२१ डिसेंबर

टिकले,

आज मोठी बातमी. येत्या शनिवारी तुझ्या डोंगरावर निरभ्र. आठपैकी शून्य. हो, शून्य, तू बरोबर वाचलंस. सगळं चित्र मी स्वतः बघितलं, ढगाचा ठिपका नाही. वरचा वाराही मंद आहे, चांदण्या खिळ्याने ठोकल्यासारख्या स्थिर दिसतील. तो मोठा कार्यक्रम तू कित्येक महिने पुढे ढकलतेयस ना, शाळांच्या मुलांचा? खुशाल लाव.

आणि ऐक, आपल्याकडचंही चित्र रोज बघतो. काय सांगू, हल्ली जिथे बघावं तिथे आभाळ मोकळं आहे! हे असंच टिकलं तर १७ जानेवारीची काळजीच नको. तुझ्या खोलीतला पलंग झटकून घेतला. टेलरकाकू पडद्याचं माप घेऊन गेल्या. मी रंग विचारला तर म्हणाल्या, तुम्हाला काय करायचंय, मुलीला आवडेल तो.

तुला अजून निळाच आवडतो का?

बाबा


२८ डिसेंबर

टिकले,

तुझं पत्र मिळालं. भरगच्च आहे. बसगाड्या भरून मुलं आली, डोंगरावर पोचेपर्यंत ढग उतरले, मग पाऊस, मग मुलं मंडपात दाटीवाटीने बसली आणि तू त्यांना भिंतीवर चित्रं दाखवलीस. एका मुलीने विचारलं, ‘खरे तारे कुठे गेले?’ वाचून वाईट वाटलं. शिक्षकांसमोर तुझी मान खाली गेली त्याचं जास्त वाटलं.

पण शेवटी जे लिहिलंयस त्याची काही गरज नव्हती. ‘मला ढगांचा राग नाही आला. तुम्ही जन्मात कधी शून्य सांगितलं नाहीत, बाबा. शून्य ऐकून मी आनंदाने वेडी झाले आणि शंका घ्यायचीच विसरले. तुम्हाला काय झालंय?’

काय व्हायचंय? काही झालेलं नाही. चित्र जुनं असेल. उपग्रहाचं चित्र कधी कधी तासन्‌तास अडकून बसतं, हे तुलाही माहीत आहे. शिवाय टेलरकाकू कानाशी बडबडत असतात. शिवाय डोंगराळ भाग, तिथल्या हवेचा काय भरवसा. तू तिकडे निघालीस तेव्हाच मी म्हटलं होतं, तिथे वर्षातले निम्मे दिवस ढग असतात, माझ्याकडे आकडे आहेत. तेव्हा तुला राग आला. आकडे बरोबरच होते.

हे भांडण पुन्हा नको. खोडतो म्हटलं तर खोडता येत नाही, कॉम्प्युटर आहे, राहू दे.

फोन करू नको, मी उचलणार नाही. फोनवर मला धड भांडताही येत नाही आणि धड बोलताही येत नाही. यापुढे तुझ्या डोंगराचा अंदाजही पाठवणार नाही. तिकडे तरुण पोरं असतील, त्यांना सांग, त्यांना चांगलं जमत असेल.

१७ तारखेचं तेवढं कळवीन. ते माझ्या गच्चीचं आहे.

बाबा


२ जानेवारी

टिकले,

टेलरकाकू समोर बसल्या आहेत. मशीन बंद आहे, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे तू समजून घे. सकाळी आल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही सांगता की मी सांगू?’ मी म्हटलं, काय सांगायचंय? तर म्हणाल्या, ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. घ्या, लिहा.’ तेव्हा लिहितो. मी बोलतोय आणि त्या टाइप करतायत, म्हणून शुद्धलेखन त्यांचं.

डोळ्यांचं आहे. डोळ्याच्या आतला जो पडदा असतो, त्याचा मधला भाग झिजलाय. डावा डोळा आधीच गेला होता, मी उजव्यावर भागवत होतो. यंदा उजवाही त्याच वाटेला लागला. कडेचं सगळं दिसतं. दार दिसतं, खिडकी दिसते, जिन्याचा कठडा दिसतो. फक्त ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाहीसं होतं.

काळं भोक दिसलं असतं तर मलाही कळलं असतं गं. पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदू ते भोक तसं ठेवत नाही, शेजारच्या रंगाने भरून टाकतो. टेलरकाकू म्हणाल्या, ‘रफू!’ अगदी तसंच. आता बघ, त्या दिवशी मी काय केलं असेल. चित्रात तुझा डोंगर शोधला, त्यावर नजर टेकवली, आणि त्याच्यावरचा ढग गेला. आजूबाजूच्या निळ्याने रफू झाला. मग पश्चिमेला बघितलं, तिकडचा गेला. मग आपल्या शहरावर बघितलं, इथला गेला. जिथे बघीन तिथे निरभ्र! जन्मभर हात राखून बोलणाऱ्या माणसाच्या नशिबी ही असली दृष्टी यावी. कचेरीतल्या लोकांना कळलं तर हसून लोळतील.

तू विचारलंस, मी कधी शून्य सांगत नाही, काय झालंय. हे झालंय. एवढ्या दूर राहून ते तुला कळलं आणि मला मात्र चित्रासमोर बसून कळलं नाही.

अगदी अंधार होणार नाही म्हणतात. डोळ्यात इंजेक्शनं देतात, त्याने झीज हळू होते, गेलेलं परत येत नाही. आधी अक्षरं जातात, मग चेहरे. टेलरकाकूंचा चेहरा मी धड पाहिलेलाच नाही. (मी दिसायला फार सुरेख आहे. टेलरकाकू.) ही बाई मधेच आपलं घुसडतेय, तिकडे लक्ष देऊ नको.

तुझा चेहरा माझ्याकडे आहे. पण तो दारातला आहे. बॅग खांद्याला, ओठ घट्ट मिटलेले, नाक लाल. त्याच्या जागी दुसरा ठेवावा असं वाटतं, ठेवता येतोय तोवर. उजव्या डोळ्यात अजून थोडी धुगधुगी आहे. म्हणून बोलावलं. शनी आपला निमित्ताला.

आता एक ऐक. कीव येऊन धावत सुटू नको. मला ते सहन होणार नाही, आणि तुला उगाच यावं लागलं असं व्हायला नको. तूच म्हणाली होतीस, आभाळ मोकळं असेल तेव्हा. ठरलं ते ठरलं. सात तारखेला मी अंदाज कळवीन. मोकळं असेल तर ये. नसेल तर पुन्हा कधीतरी.

बाबा


७ जानेवारी

टिकले,

या पाच दिवसांत तू कितीदा फोन केलास ते टेलरकाकू मोजत होत्या. मी उचलला नाही. तिकडून रडण्याचा आवाज आला असता तर काय करायचं ते मला कळलं नसतं, आणि इकडून आला असता तर तुला कळलं नसतं.

आज अंदाजाचा दिवस. सकाळपासून दोघं बसलो. यावेळी चित्रं टेलरकाकूंनी बघितली आणि मी डोळे मिटून ऐकलं. त्यांना ढगांच्या रंगांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून दुकानातली वापरतात. ‘समुद्रावर सगळं मोतिया आहे. त्याच्या काठाला राखाडी. खाली बदामी पट्टा, चांगला रुंद, मोठ्या पन्ह्याचा.’ मी विचारलं, मधे कुठे निळा? त्या म्हणाल्या, ‘चिंधीभरसुद्धा नाही.’ मी म्हटलं, नीट बघा. तर म्हणाल्या, ‘आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं असं लोक म्हणतात, इथे तर ते कुठे फाटतच नाहीये!’

मग आकडे घेतले. सगळीकडून तेच. समुद्रावरून ओली हवा सरकतेय, मोठा पट्टा आहे, आणि तो आपल्या डोक्यावर आला की हलायचं नाव घेणार नाही. चार-पाच दिवसांपुढचं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे मीच तुला लिहिलं होतं. पण वेगवेगळ्या ठिकाणचे अंदाज एकमेकांशी भांडतायत का ते बघायचं असतं. ते भांडत नाहीयेत.

आता खरं सांगतो. दुपारी टेलरकाकू आपल्या मुलांना जेवायला वाढायला खाली गेल्या, तेव्हा मी चाचपडत एकट्याने तुला पत्र लिहिलं. ‘१७ जानेवारी, निरभ्र, आठपैकी शून्य, ये.’ एवढंच. म्हटलं, एकदा आली की आली, मग ढग आले काय आणि नाही काय. हवेने दगा दिला म्हणायचं. हवा काही साक्ष द्यायला येत नाही. पाठवायचं बटण कुठे आहे ते मला कळतं, उजव्या कोपऱ्यात, कडेचं मला दिसतं. बोट ठेवून बसलो होतो.

टेलरकाकू वर आल्या, त्यांनी वाचलं, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘त्या शाळेच्या मुलांना डोंगरावर नेऊन भिजवलंत. आता मुलीलाही?’

ते पत्र पुसलं. हे दुसरं.

१७ जानेवारी, संध्याकाळ. आठपैकी आठ. ढग खालचे, जाड, एकसंध. शनी दिसणार नाही. चंद्रही दिसणार नाही. गच्चीवर गेलीस तर केस ओले होतील, एवढंच.

यातून दोन वजा करू नको. यावेळी मी काही राखून ठेवलेलं नाही. आठ म्हणजे आठच.

आणि तरी ये.

ठरलं ते ठरलं असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते मोडतो. आभाळ मोकळं व्हायची वाट बघत बसलो तर ते होईल तेव्हा मला दिसणार नाही. मला तू हवी आहेस, पोरी. दाखवायला माझ्याकडे काही नाही. दुर्बीण चादरीखाली राहील. बोलायला म्हणशील तर मला तेही नीट येत नाही, पहिल्या दिवशी मी बहुतेक बाष्पाबद्दलच बोलीन. तू ऐकून घे. टेलरकाकूंचे पडदे शिवून झालेत. रंग त्या सांगत नाहीत.

ये गं.

बाबा


८ जानेवारी

टेलरकाकू, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. मधे तुमचं काही घालू नका. घालायचंच असेल तर शेवटी घाला.

बाबा,

अंदाज पोचला. वजा काही केलं नाही.

तुमचं पत्र काल संध्याकाळी कामावर असताना आलं. पाहुणे रांगेत उभे होते आणि मी दुर्बिणीजवळ उभं राहून फोनवर वाचत होते. एक आजोबा म्हणाले, ‘बाई, काही दिसत नाही का?’ मी म्हटलं, ‘दिसतंय, थांबा जरा.’ आभाळ स्वच्छ होतं, पण मलाच काही दिसत नव्हतं. तुम्ही सांगता ना तसं, सगळं पाणी घातलेल्या दुधातून.

मी रागावलेली आहे, हे आधी सांगते. फोन उचलला नाहीत म्हणून. आणि वेगवेगळ्या चपला घालून रस्त्याने फिरलात आणि मला ती गंमत म्हणून लिहून पाठवलीत म्हणून. ते भांडण घरी येऊन करीन, समोरासमोर, फोनवर मलाही जमत नाही. मी तुमचीच मुलगी आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या हिशेबात बसत नाही. सतरा तारखेला काही दिसणारच नसेल, तर सतरा तारखेची वाट कशाला बघायची? शनीसाठी यायचं असतं तर थांबले असते. उद्या सकाळी निघते. परवा दुपारी पोचेन.

माझ्या जागी माणूस मिळाला नाही. केंद्राच्या दाराला ढगाळ दिवसाची पाटी लावून येतेय, ‘आज आभाळ नाही’. इथे पुढचे चार दिवस निरभ्र आहे, वारा मंद, ओलावा कमी. तुमच्या भाषेत शून्य. वर्षात अशा रात्री मोजक्या येतात, तुम्हाला माहीत आहे. पाटी वाचून लोक वर बघतील आणि मला वेड्यात काढतील. काढू देत.

पडदे निळे असतील तर उत्तम, नसतील तरी चालतील. दुर्बिणीवरची चादर काढून ठेवा, धुवायला हवी असेल.

आणि बाबा, परवा दार तुम्हीच उघडा, टेलरकाकूंना पाठवू नका. मी दारातच उभी राहीन, त्याच जागी. हलणार नाही, घाई करणार नाही. तुम्ही माझ्याकडे थेट बघू नका. माझ्या उजव्या कानाच्या जरा पलीकडे बघा.

मी दिसेन.

टिकली